केबलला घातलेले काळे मणी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं तयार होतात, शेजारी लग्नपत्रिका छापतात आणि मध्ये आम्ही अँटेना बनवतो. पाहुण्यांना असं सांगितलं की त्यांना गच्चीवरचे अॅल्युमिनियमचे दांडे आठवतात. आमच्या अँटेना काडेपेटीत मावतात. आणि मी तर त्याही बनवत नाही, मी त्या संगणकात बनवते.

या कामाला सिम्युलेशन म्हणतात. पडद्यावर अँटेना काढायची, तिच्याभोवती थोडी हवा ठेवायची, आणि मग हवेसकट सगळ्याचे बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, ताटात थापलेल्या वड्या पाडतात तसे. प्रत्येक तुकड्यात लहरींचं काय होतंय ते संगणक क्षणाक्षणाला मोजत पुढे जातो. तुकडे जितके बारीक तितकं उत्तर खरं, पण तितका वेळही जास्त. हवेला कुठेतरी कुंपण घालावंच लागतं. कुंपणापलीकडे काहीही नाही, असं आपणच संगणकाला सांगायचं असतं, आणि तो बिचारा मान्य करतो.

मला हे काम चांगलं येतं. बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते मला काम चांगलं येतं या घमेंडीतूनच झालं.

ताई मापनाच्या खोलीत काम करायच्या. ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणायचे, आमचे सरसुद्धा, जे त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते. मी एम.टेक. होऊन आले तेव्हा ताईंना तिथे सतरा वर्षं झाली होती. शिक्षण आयटीआयचं. वडील वाशिमकडून मुंबईत आलेले, घर नाहूरला. रोज दोन बस बदलून त्या चारकोपला यायच्या आणि माझ्या आधी पोचलेल्या असायच्या. मी बोरिवलीहून रिक्षाने यायचे आणि उशीर झाला की ट्रॅफिकला दोष द्यायचे.

मापनाची खोली म्हणजे आतून सगळीकडे काळ्या फोमचे टोकदार सुळके लावलेली लोखंडी पेटी. आत बोललं तर आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. त्या खोलीची किल्ली ताईंकडे असायची. पर्सच्या चेनला अडकवलेली, लाल दोऱ्यात. मी संगणकात अँटेना बनवायचे, खालच्या मजल्यावरचा कारागीर ती खरी तयार करून द्यायचा, आणि ताई ती त्या खोलीत नेऊन मोजायच्या. मग एका कागदावर दोन रेघा छापायच्या. निळी माझी, लाल त्यांची. रेघ जिथे दरीसारखी खाली उतरते, तिथे अँटेना नीट काम करते. गिऱ्हाईक फक्त एवढंच बघतं, की दोन रेघा एकमेकींवर बसल्यात की नाही. बसल्या तर सही, नाही तर चहा मागवून चर्चा.

माझी निळी रेघ नेहमी गुळगुळीत. ताईंची लाल रेघ थोडी केसाळ, खऱ्या गोष्टी असतात तशी. आम्ही दोघी त्यावरून चेष्टा करायचो. "मॅडम, तुमची रेघ पार्लरला जाऊन येते," असं त्या म्हणायच्या. त्या मला मॅडम म्हणायच्या हे मला सुरुवातीला खटकायचं. नंतर खटकेनासं झालं.

गोरेगावच्या एका गिऱ्हाइकाला शाळेच्या बसगाड्यांसाठी अँटेना हवी होती. बस कुठे पोचली ते आईवडिलांना मोबाइलवर दिसावं, असं त्याचं यंत्र होतं. यंत्र ड्रायव्हरच्या सीटखाली आणि अँटेना काचेपाशी. दोघांच्या मध्ये हातभर लांबीची केबल. मी मॉडेल केलं, पण त्यात केबल घेतली नाही. अँटेनाच्या पायथ्याशी एक ठिपका ठेवला आणि इथून वीज येते असं संगणकाला सांगितलं. सगळे असंच करतात. केबल बारीक असते. ती मॉडेलमध्ये घेतली तर तुकडे इतके बारीक पाडावे लागतात की दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. शिवाय केबलचं काम फक्त वीज नेण्याचं, असं मी पुस्तकात वाचलं होतं.

तुकडे झाले, उत्तर आलं, दरी अगदी हवी तिथे. मी खूश झाले.

चार दिवसांनी ताई लाल रेघ घेऊन आल्या. एक नव्हे, तीन लाल रेघा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरलेल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: केबल सरळ. केबल गुंडाळून. केबलला हात लावून.

"मॅडम, ही जागेवर थांबतच नाहीये," त्या म्हणाल्या. "केबल हलवली की दरी सरकते. हात लावला तर अजून."

"ताई, मग हात नका ना लावू."

"मी नाही लावला तरी बसमध्ये कोणीतरी लावेलच ना. ड्रायव्हर तिथेच पिशवी ठेवणार, टिफिन ठेवणार."

उत्तर नसलं की मी समोरच्याला शिकवायला लागते, ही माझी जुनी खोड आहे. मी त्यांना पडद्यावर मॉडेल दाखवलं आणि अँटेना कुठे संपते, वीज कुठून येते ते समजावलं. अठरा वर्षं अँटेना हातात धरलेल्या बाईला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याजवळ वाकून विचारलं, "यात केबल कुठंय?"

"केबल अँटेनाचा भाग नसते, ताई."

"तिला कोणी सांगितलंय का तसं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गिऱ्हाइकाला सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. अशा वेळी वापरायचा एक उपाय आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. फेराइट नावाचे काळे मणी मिळतात. ते केबलवर ओवले की तिच्या बाहेरच्या जाळीवरून पळणारा चोरटा प्रवाह अडतो आणि मापन शांत होतं. केबल फक्त मोजण्यापुरती जोडलेली असेल तर हे अगदी योग्य आहे, पुस्तकातही दिलेलं आहे. पण इथली केबल मोजण्यापुरती नव्हती. ती रोज बसमध्येच असणार होती, आणि तिच्यावर मणी नसणार होते.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. कळलं होतं. डोक्यात क्षणभर लख्ख आलं आणि मी ते बाजूला सारलं. निळी रेघ इतकी सुंदर आली होती, आणि ती चुकलीय हे मला तीन केसाळ रेघांकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

"मणी घाला ताई," मी म्हटलं.

ताईंनी ड्रॉवरमधून मणी काढले आणि एकामागे एक केबलमध्ये ओवले. "लग्न लावलं म्हणायचं केबलचं," त्या म्हणाल्या. लाल रेघ निमूटपणे निळ्या रेघेवर जाऊन बसली. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. रिपोर्टमध्ये मापन कसं केलं ते लिहायचा एक रकाना असतो.

"मणी लिहू ना इथे?"

"नको. उगाच प्रश्न विचारत बसतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि रकाना मोकळा सोडून खाली सही केली. मापन करणाऱ्याची सही. माझी सही वरच्या पानावर होती, डिझाइन करणाऱ्याची.

पाऊण वर्ष गेलं. मग गोरेगावहून तक्रारी सुरू झाल्या. आयांच्या मोबाइलवर बस एका वळणावर थांबलेली दिसायची आणि पाचसात मिनिटांनी एकदम फाटकात उगवायची. आया इमारतीखाली उभ्या राहून फोन हलवायच्या. गिऱ्हाइकाने एक बस आमच्या इस्टेटमध्ये आणून लावली. मी सीटखाली वाकून पाहिलं. केबलची गुंडाळी करून ती लोखंडी पट्टीला दोरीने बांधलेली होती, आणि तिच्यावर ड्रायव्हरचा टिफिन ठेवलेला होता.

मी वाकलेलीच राहिले. वर आले तेव्हा तोंड लाल झालं होतं. कोणी विचारलं असतं तर वाकल्यामुळे म्हणून सांगितलं असतं.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सर तसे चांगले. ओरडत नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवतात. त्यांनी रिपोर्ट उघडला. वरच्या पानावर निळी रेघ, आत निळी आणि लाल एकमेकींवर.

"सिम्युलेशन तर बरोबर दिसतंय," सर म्हणाले. "मग इथे असं आणि गाडीत तसं कसं? मोजताना काही गडबड झाली का? मोजलं कोणी?"

प्रश्न मला होता. मी म्हटलं, "ताईंनी."

एकच शब्द, आणि तो खरा होता. खोटं बोलण्यासाठी निदान थोडी मेहनत लागते. मला तेवढीही लागली नाही.

सर ताईंकडे वळले. ताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. रांगेत आपल्या पुढचा माणूस सरकायची वाट बघावी, तसं. खिडकीतून खालच्या गाळ्यातल्या मशीनचा आवाज येत होता, झाकणं पडण्याचा. मी रिपोर्टच्या पानाचा कोपरा दुमडत राहिले.

"हो सर, मी मोजलं," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला आता दमायला होतं का? त्या खोलीत सारखं उभं राहायचं, डोळ्यांवर ताण... पॅकिंगला बसता का थोडे दिवस? तिथे बसून काम आहे." सर खरोखर काळजीने बोलत होते. ते आठवलं की मला जास्त त्रास होतो. मग मला म्हणाले, "खोलीची किल्ली तू ठेव. मोजतानाही तूच उभी राहत जा आता."

ताईंनी चेनमधून लाल दोरा सोडवला. दोऱ्याची गाठ जुनी होती, सुटेना. त्यांनी नखाने उकरून ती सोडवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. दोरा स्वतःकडेच ठेवला.

त्याच आठवड्यात मी मॉडेलमध्ये केबलही घेतली. संगणकाला शुक्रवारी कामाला लावलं आणि घरी गेले. शनिवार-रविवार मी काय केलं मला आठवत नाही, आईने दोनदा विचारलं की ताप आहे का. सोमवारी उत्तर तयार होतं. मी ताईंची जुनी फाइल काढली. त्या कागद कधी टाकून द्यायच्या नाहीत. तीन लाल रेघांचं ते पान तिथेच होतं, पेन्सिलीच्या अक्षरांसकट. मी माझी नवी निळी रेघ त्यावर धरली. केबल सरळ: बसली. मॉडेलमध्ये केबल गुंडाळली, परत दोन दिवस लावले: बसली. हाताच्या जागी खारट पाण्याचा गोळा ठेवला, आमच्या धंद्यात माणसाचा हात असाच दाखवतात. तीही बसली. इतक्या बारीक तुकड्यांनी, इतका वेळ घालवून संगणकाने जे सांगितलं, ते ताईंनी चार दिवसांत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

तेव्हा उठून केबिनमध्ये जायचं होतं. मी नवीन अँटेना करायला बसले. केबल कशीही बांधली तरी फरक पडणार नाही अशी रचना केली. स्वतःला समजावलं की आधी काम नीट करू, मग तोंड उघडायला बळ येईल. काम नीट झालं. गोरेगावच्या बसगाड्या पुन्हा मोबाइलवर धावायला लागल्या. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "केबलचा परिणाम हिने शोधून काढला." कांदाभजी मागवली. पॅकिंगच्या टेबलावरही एक प्लेट गेली. ताई हातावरचं थर्माकोल झटकत आल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन मॅडम." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यात टोमणा नव्हता. मी थँक्यू म्हटलं आणि एक भजं जास्तच खाल्लं.

ताई पॅकिंगमध्येही नीट काम करायच्या. प्रत्येक खोक्यात केबल ठेवताना ती सैल, मोठ्या वेटोळ्यात ठेवायच्या, कोणी आवळून गुंडाळू नये म्हणून. नव्या अँटेनाला आता त्याने फरक पडत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कारण ते सांगायला बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली, निवृत्तीला दोन वर्षं होती तरी. गुडघे दुखतात, दोन बस झेपत नाहीत, असं सांगितलं. सरांनी शाल दिली, भाषण केलं. भाषणात सांगितलं की शेवटी शेवटी ताईंना मापन जमेनासं झालं तरी त्यांनी कधी कुरकुर केली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

त्या टाळ्यांनंतर मला झोप नीट लागेना. महिनाभराने एका रविवारी मी नाहूरला गेले. पिशवीत ते तीन रेघांचं पान आणि माझ्या नव्या रेघांचं पान होतं. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, खिडकीत गवती चहाची कुंडी. त्यांनी त्याच कुंडीतली पात तोडून चहा केला. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. गुडघे खरंच दुखत होते, उठताना त्या पलंगाला धरत होत्या. ते बघून मला क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली. बोलायचं ठरवून आले होते, रिक्षात दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. प्रत्यक्षात सगळं उलटसुलट आलं. तुमचं बरोबर होतं. केबल मी घेतली नव्हती. मणी मी घालायला लावले. लिहू नका असं मी सांगितलं. आणि केबिनमध्ये मी तुमचं नाव घेतलं. माझं चुकलं ताई, फार चुकलं. मी रडले. चहावर साय धरली.

ताईंनी पानं उचलून चष्मा लावून पाहिली. केबलला हात लावलेल्या रेघेवर बोट फिरवलं. "एवढं जुळलं?" त्यांचा चेहरा खुलला होता. मापन जुळलं की त्यांचा चेहरा असाच खुलायचा. "हे हाताचं कसं केलंत?"

मी खारट पाण्याचं सांगितलं. त्या हसल्या. "बघा, माझा हात म्हणजे खारं पाणी."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत ताई? सरांसमोर? मण्यांचं सांगून टाकायचं होतं."

त्यांनी पानांची घडी घातली. "मी बोलले असते तर दिसलं असतं कसं? स्वतःची चूक मॅडमवर ढकलतेय. आयटीआयवाली बाई. कोणी खरं धरलं असतं? तुम्ही बोलला असता तर धरलं असतं. म्हणून थांबले. त्या दिवशी थांबले, भजी खाल्ली त्या दिवशी थांबले, शाल दिली त्या दिवशी पण. म्हटलं, आज बोलतील."

मी मान खाली घातली.

"सरांना सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हटलं आधी तुम्हाला सांगावं."

त्यांनी पानांची घडी माझ्या पिशवीत परत ठेवली आणि माझा गार झालेला कप उचलला. "मला काय सांगताय मॅडम," त्या म्हणाल्या, "मला तर माहीतच होतं. थांबा, चहा गरम करून आणते."

त्याला आता चार महिने झाले. ती घडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, किल्ली पर्समध्ये. या चार महिन्यांत मी हे माझ्या आईला सांगितलं, एका मैत्रिणीला सांगितलं, दोघी म्हणाल्या, जाऊ दे, तुझ्या मनात तसं नव्हतं. आता इथे लिहून तुम्हालाही सांगितलं. माझ्या टेबलापासून सरांची केबिन बारा पावलांवर आहे, आणि सर आज सकाळपासून आत आहेत.